.४५-७० लीव्हर अॅक्शन रायफल: ट्यूबमध्ये बुलेट आत सरकते? माझा अनुभव

मोंटानात असतो, राऊंड (काडतुसं) घरीच लोड करतो, म्हणजे भरतो. दोन-तीन शॉट झाले की ट्यूबमधल्या (नळीसारख्या मॅगझिनमधल्या, यात राऊंड एकामागे एक राहतात) उरलेल्या राऊंडच्या बुलेट रिकॉइलने (झाडताना बसणाऱ्या धक्क्याने) केसमध्ये, म्हणजे पितळी नळीत, आत ढकलल्या जायच्या, असा राऊंड झाडणं धोक्याचं, प्रेशर वाढतं. क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) अजून घट्ट केला तर केसच फुगली, चेंबरमध्ये जाईना. नुसता वैताग!

जमलं ते असं: रीसाइझ केल्यावर (झाडलेली केस दाबून पुन्हा मूळ मापात आणल्यावर) सगळ्या केस २.०९५ इंचाला ट्रिम केल्या (लांबी कमीजास्त असेल तर क्रिंप सारखा बसतच नाही), मग केसचं तोंड बुलेट टेकेल एवढंच उघडलं, बुलेट तिच्यावरच्या खाचेपर्यंत आत बसवली, आणि क्रिंप त्याच वेळी न करता नंतर वेगळ्या डायने (साच्याने) रोल क्रिंप, म्हणजे केसची कड आत वळवून खाचेत बसवणं. बुलेट चपट्या नाकाचीच हं, टोकदार असली तर पुढच्या राऊंडच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीवर) टेकते. मग एका राऊंडला मार्करने खूण करून ट्यूबमध्ये ठेवला, बाकीचे झाडले, कॅलिपर लावला, लांबी जशीच्या तशी.