आरव्हीसाठी रात्रीचा फुकट मुक्काम शोधताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात ओळखीतलं एखादं तरी कुटुंब आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेला निघतं आणि आदल्या दिवशी मला फोन करतं: "फुकट कुठे राहता येईल? लोकेशन पाठव ना." लोकेशन मी पाठवत नाही. आधी विचारते, रोज संध्याकाळी किती वाजता थांबणार? याचं उत्तर कुणाकडे तयार नसतं. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

अंधारात पोहोचणं आणि ॲपमधल्या पिनवर विसंबणं

काही वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. यूटामधल्या एस्कलांटेजवळ आम्ही दोघं, दोन मुलं आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. ब्राइस कॅन्यनमध्ये रेंगाळलो, त्यामुळे होल-इन-द-रॉक रोडला लागेपर्यंत नऊ वाजत आले होते. मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर नकाशात पिन होती, खाली कुणी 'मस्त जागा, रस्ता सोपा' असं लिहिलं होतं. मुख्य कच्च्या रस्त्यावरून एक फाटा आत जात होता. दिव्यांच्या उजेडात माती कोरडी, घट्ट दिसली. आम्ही आत घुसलो, गाडी लावली आणि झोपलो.

मध्यरात्री पाऊस आला. फार नाही, तासभर. सकाळी दार उघडून खाली उतरले तर चपलेला दोन इंच करडा चिखल चिकटून वर आला. त्या भागातल्या कितीतरी रस्त्यांवर बेंटोनाइटची चिकणमाती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते, मग फोर-व्हील ड्राइव्हचीही पकड राहत नाही. आमची तर पंचवीस फुटी गाडी, मागच्या चाकांवर चालणारी. नवऱ्याने घाई केली, दहा फूट पुढे नेली, तेवढ्यात मागचा भाग घसरत चराकडे गेला आणि चाक अर्धं रुतलं. फोनला रेंज नाही. दुपारी एक गुराखी पिकअप घेऊन आला. लांबच थांबून म्हणाला, काही करू नका, वाळू द्या. दीड दिवस वाळू दिलं, तरी शेवटी टोइंगवाल्याला बोलवावंच लागलं. त्याच्या बिलात तीन आठवडे चांगल्या कॅम्पग्राउंडवर राहता आलं असतं. टाकीतलं पाणी संपत आलेलं असताना सासूबाई मुलांना घोट मोजून देत होत्या, ते मी विसरलेले नाही.

तेव्हापासून साडेतीनला आम्ही जागेवर असतो, म्हणजे असतोच. उशीर झालाच तर डांबरी रस्ता सोडत नाही, सरळ पैसे भरून कॅम्पग्राउंड घेतो. कच्च्या फाट्यावर आधी एकजण पायी जाऊन येतो. वाळलेल्या मातीत टायरच्या खोल चाकोऱ्या दिसल्या की ओल्यात इथे कुणीतरी रुतलं होतं हे कळतं, मग तिथून मागे फिरायचं. गाडी तोंड बाहेरच्या दिशेला करूनच लावायची. आणि ॲपमधला शेरा वाचताना दोन गोष्टी बघा: तो कधीचा आहे, आणि लिहिणाऱ्याची गाडी कोणती होती. जीपवाल्याचा 'सोपा रस्ता' आरव्हीच्या काही कामाचा नसतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर मोटर व्हेइकल यूज मॅप घ्या, फुकट मिळतो. कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायची परवानगी आहे ते त्यात असतं. बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या) जमिनीवर साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस राहता येतं, पण सगळीकडे नाही. मोआबजवळ हायवे 128 च्या कडेने नेमून दिलेल्या कॅम्पग्राउंडशिवाय कुठेच तंबू ठोकता येत नाही की गाडी लावून राहता येत नाही. त्या-त्या फील्ड ऑफिसला एक फोन करा, पाच मिनिटं लागतात.

कोरड्या ओढ्याची वाळू सपाट दिसते म्हणून तिथे कधीही लावू नका. ॲरिझोनात 15 जून ते 30 सप्टेंबर मान्सूनचा काळ धरतात. पाऊस कुठेतरी लांब डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

दुकानाच्या पार्किंगमध्ये न विचारता राहणं

याचा मला मनापासून राग येतो. वॉलमार्टमध्ये सगळीकडे राहता येतं असं लोक ठरवूनच टाकतात. प्रत्यक्षात त्या-त्या दुकानाचा मॅनेजर ठरवतो, आणि गावाचा कायदा आड आला तर त्याच्याही हातात काही नसतं. न्यू मेक्सिकोतल्या एका मोठ्या दुकानाच्या आवारात आम्ही चार वेळा राहिलो होतो. पाचव्यांदा गेलो तर 'रात्री पार्किंग बंद' अशी पाटी. आतल्या बाईंनी सांगितलं, लोक गाडीच्या कडेचं कापडी छत उघडतात, खुर्च्या मांडतात, ग्रिल पेटवतात, आणि एकाने तर सांडपाणी तिथेच सोडून दिलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, दुसऱ्याच्या अंगणात उतरायचं तर आधी हाक मारायची असते गं."

आम्ही दुपारीच फोन करून मॅनेजरला विचारतो, कुठल्या बाजूला लावू तेही विचारतो. दूध-भाजी तिथूनच घेतो. स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) उघडत नाही, जनरेटर लावत नाही. गाडी सपाट ठेवणारे जॅक लावायचेच झाले तर खाली फळी ठेवतो, कारण उन्हात तापलेल्या डांबरात ते रुततात. सकाळी सातला निघतो आणि जाताना आजूबाजूचा कचराही उचलतो, आपला असो वा नसो.

ट्रकवाल्याची जागा अडवणं

ट्रक स्टॉपवर लांब जागा रिकामी दिसली म्हणून घुसू नका. मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला कायद्याने 11 तासच चालवता येतं, तेही कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत, आणि मग सलग 10 तास विश्रांती घ्यावीच लागते. त्याची वेळ संपली आणि जागेवर तुमची आरव्ही असेल तर त्याने जायचं कुठे? आरव्हीसाठी वेगळी जागा असेल तर तिथे लावा, नसेल तर पुढे चला.

बाकीच्या चुका थोडक्यात. हायवेवरच्या रेस्ट एरियात किती वेळ थांबता येतं याचे नियम राज्यागणिक बदलतात: टेक्सासमध्ये 24 तास, कॅलिफोर्नियात 8, फ्लोरिडात फक्त 3. पाटी वाचा. नॅशनल पार्कमध्ये साध्या पार्किंगला रात्र काढता येत नाही. थंडीत हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो, जुनी बॅटरी पहाटे तीनला मान टाकते. मग ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात. डिटेक्टर चालतो का ते निघायच्या आधीच तपासा.

आणि नव्याने गाडी घेतली असेल तर पहिल्या तीन रात्री वीज-पाणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर पैसे देऊन राहा. सांडपाण्याची टाकी किती वेळात भरते, बॅटरी किती टिकते, गाडी मागे घेताना कोण कुठे उभं राहणार, हे तिथे कळू द्या. फुकटची जागा चौथ्या रात्री शोधा.