माशाचे चिनी चिन्ह कसे वाचावे

सर्वात आधी मजकूर चिनी आहे की जपानी, ते पाहा. एकच चिन्ह चिनीत मांजरमासा असते आणि जपानीत ‘आयू’ नावाचा नदीतला वेगळाच मासा. मधूनमधून गोलसर, सुटसुटीत अक्षरे दिसली तर मजकूर जपानी. इथून पुढे चिनीपुरते बोलू.

मग चिन्हात ‘मासा’ हा मूलघटक, म्हणजे कोशात ज्याखाली चिन्हे लावतात तो भाग, शोधा. तो बहुधा डावीकडे असतो. तैवान-हाँगकाँगच्या पारंपरिक लिपीत त्याच्या तळाशी चार ठिपके असतात आणि एकूण ११ रेघा. मुख्य चीनमधल्या सोप्या लिपीत ठिपक्यांच्या जागी एकच आडवी रेघ येते, एकूण ८. डावीकडे नसेल तर खाली पाहा: शार्कच्या चिन्हात मासा खाली असतो.

आता उरलेल्या भागाच्या रेघा मोजा. कार्प, म्हणजे आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तो मासा, घेतला तर उजवीकडे ७ रेघा भरतात. पारंपरिक कोशात माशाच्या विभागात ७ रेघांचा गट उघडायचा. १७१६ च्या कांगशी शब्दकोशातल्या २१४ मूलघटकांत माशाचा क्रमांक १९५ आहे. फोनवर चिनी हस्तलेखनाचा कीबोर्ड घेऊन चिन्ह बोटाने काढले तरी चालते. डावा भाग आधी, मग उजवा.

उच्चाराची खूण बहुतेकदा याच उरलेल्या भागात असते, आणि मला या लिपीतली ही सर्वात सुंदर सोय वाटते. कार्पचा उजवा भाग एकटा ‘ली’ वाचतात, कार्पही ‘ली’. देवमाशाच्या उजवीकडे ‘राजधानी’ अर्थाचे ‘जिंग’ असते, देवमासाही ‘जिंग’. पण अंदाज कोशात ताडून पाहाच. माशाशेजारी मेंढी आली की ‘यांग’ होत नाही. उच्चार ‘शिएन’ आणि अर्थ ‘ताजे’.

खुद्द ‘मासा’ म्हणायला देवनागरीतला ‘यू’ पुरत नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवा, ओठ ‘ऊ’सारखे गोल करा आणि आश्चर्याने ‘हो?’ विचारताना चढतो तसा आवाज चढवा. चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो; हा दुसरा सूर. तिसऱ्या सुरात त्याच ध्वनीचा पाऊस होतो, चौथ्यात जेड रत्न. दुसऱ्या सुरातच ‘शिल्लक, बरकत’ या अर्थाचाही शब्द आहे, म्हणून चिनी नववर्षाच्या जेवणात मासा मानाने वाढतात.