विममध्ये नवा टॅब उघडताना विंडोंची मांडणी कशी सांभाळावी

विम या टेक्स्ट एडिटरकडे नव्याने वळणाऱ्यांचा टॅबबाबत एकच घोळ होतो आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. ब्राउझरमध्ये एक टॅब म्हणजे एक पान, म्हणून इथेही एक टॅब म्हणजे एक फाइल असं ते धरून चालतात. विममध्ये तसं नाही. फाइलचा मेमरीत असलेला मजकूर म्हणजे बफर, त्या बफरकडे बघायची चौकट म्हणजे विंडो, आणि स्क्रीनवर अशा चौकटी ज्या रीतीने लावल्या आहेत ती अख्खी मांडणी म्हणजे टॅब. एकच बफर चार विंडोंत आणि तीन टॅबांत उघडा असू शकतो. एकीकडे ओळ बदलली की सगळीकडे बदलते, कारण मजकूर एकच आहे. टॅबची सोय 2006 साली 7.0 आवृत्तीत आली. विंडोंचे तुकडे (स्प्लिट) करता येणं त्याआधीपासून होतं, आणि टॅब त्यावरच उभे आहेत.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायच्या, आधी कोलन देऊन.)

समजा, डावीकडे कोड, उजवीकडे त्याच्या चाचण्या आणि खाली लॉग अशी तीन विंडोंची मांडणी आहे. मध्येच कोड पूर्ण स्क्रीनभर बघायचाय. अशा वेळी नवशिक्या हमखास कंट्रोल-डब्ल्यू आणि मग ओ दाबतो. बाकीच्या दोन्ही विंडो बंद होतात. मग यू दाबून काही परत येत नाही, कारण अनडू मजकुराचं होतं, मांडणीचं नाही. इथे हवी ती कमांड म्हणजे 'टॅब स्प्लिट'. तोच बफर, कर्सर त्याच ओळीवर, नव्या टॅबमध्ये पूर्ण आकारात उघडतो. काम झालं की 'टॅबक्लोज'. मागची तीन विंडोंची मांडणी होती तशी समोर येते. आमच्या मते टॅबचा सर्वात मोलाचा उपयोग हाच आहे, आणि पहिल्याच आठवड्यात तो हाताला लावून घ्यावा.

यात एक बारकावा आहे. कर्सरची जागा प्रत्येक विंडोची स्वतःची असते. नव्या टॅबमध्ये 400व्या ओळीपर्यंत गेलात आणि टॅब बंद केला, तरी जुन्या विंडोत कर्सर आधीच्याच ओळीवर असेल. ती जागा सोबत आणायची तर टॅब बंद करण्यापूर्वी एम आणि ए दाबून खूण करा. परतल्यावर उलटं अवतरणचिन्ह (बॅकटिक) आणि ए दाबलं की थेट तिथे पोचता. खुणा बफरसोबत राहतात, विंडोसोबत नाही.

कंट्रोल-डब्ल्यू आणि मग कॅपिटल टी हे दिसायला असंच, पण वेगळं आहे. ते विंडोची प्रत काढत नाही, चालू विंडो उचलून नव्या टॅबमध्ये नेते. मागे राहिलेल्या शेजारच्या विंडो पसरून ती जागा भरतात आणि विंडो पूर्वीच्या जागी बसवणारी एकच कमांड नाही. मांडणीतून एखादी फाइल कायमची बाहेर काढायची असेल तेव्हाच हे वापरा. टॅबमध्ये एकच विंडो असेल तर हे चालतच नाही.

'टॅब' हा शब्द विंडो उघडणाऱ्या जवळपास कुठल्याही कमांडच्या आधी लावता येतो. 'टॅब हेल्प' लिहिलं की मदतीचं पान चालू मांडणीत घुसत नाही, वेगळ्या टॅबमध्ये जातं. नवी फाइल हवी असेल तर 'टॅबएडिट' आणि फाइलचं नाव. नवा टॅब चालू टॅबच्या लगेच उजवीकडे येतो. अगदी शेवटी हवा असेल तर 'टॅबएडिट'च्या आधी डॉलरचं चिन्ह द्या. टॅब बदलायला जी-टी आणि जी-कॅपिटल टी. इथे फसगत होते ती आकड्यांत: 3-जी-टी म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा टॅब, पण 3-जी-कॅपिटल टी म्हणजे तीन टॅब मागे.

आता आकारांच्या तक्रारी. दुसरा टॅब उघडला की वर टॅबांची पट्टी येते, एक ओळ खाते आणि सगळं खाली सरकतं. शेवटचा जास्तीचा टॅब बंद केला की परत वर. 'शोटॅबलाइन' ही सेटिंग मुळात 1 असते म्हणून असं होतं. ती 2 केली की पट्टी कायम राहते आणि उडी थांबते. दुसरं, 'इक्वलऑल्वेज' ही सेटिंग मुळातच चालू असते. डावी विंडो 30 कॉलमची करून ठेवलीत, तरी पुढच्या स्प्लिटला किंवा कुठली विंडो बंद होताच विम आकार समान करायला जातं. हे अख्खं बंद करण्यापेक्षा त्या एका विंडोत 'सेटलोकल विनफिक्सविड्थ' द्यावं. उंची जपायची तर 'विनफिक्सहाइट'. मग कंट्रोल-डब्ल्यू आणि बरोबरचं चिन्ह दाबलं तरी ती विंडो हलत नाही, बाकीच्याच समान होतात.

टर्मिनलचा आकार बदलला तर मागच्या टॅबांतल्या विंडो वाकड्यातिकड्या झालेल्या दिसतात. 'टॅबडू विनसीएमडी' आणि बरोबरचं चिन्ह (म्हणजे प्रत्येक टॅबमध्ये कंट्रोल-डब्ल्यू आणि बरोबरचं चिन्ह) दिलं की सगळे टॅब एकदम नीट होतात. मात्र टॅबडू संपल्यावर तुम्ही शेवटच्या टॅबवर असता, तिथून स्वतः परत यावं लागतं. ही कमांड आपोआप चालवायची असेल तर आधी टॅबचा क्रमांक साठवून शेवटी तिथे परतायची ओळही लिहा.

ब्राउझरमधल्या टर्मिनलवर काम करणाऱ्यांनी कंट्रोल-डब्ल्यू जपून. तिथे ती कळ विमपर्यंत पोचण्याआधी ब्राउझरचाच टॅब बंद करू शकते. 'विनसीएमडी' आणि पुढे हवं ते अक्षर, असं लिहिलं की तेच काम सुरक्षितपणे होतं.

टॅब बंद होत नसेल, तर बहुधा त्यातल्या एखाद्या बफरमध्ये न साठवलेले बदल असतात आणि 'हिडन' (न साठवलेला बफर पडद्याआड ठेवू देणारी सेटिंग) बंद असतं. आधी फाइल सेव्ह करा. उद्गारचिन्ह लावून रेटायची सवय लावू नका.

घडवलेली मांडणी उद्यासाठी ठेवायची तर 'एमकेसेशन'. सगळे टॅब आणि विंडोंचे आकार एका फाइलमध्ये लिहिले जातात. विम सुरू करताना उणे चिन्ह आणि कॅपिटल एस हा पर्याय दिला की ते परत उभे राहतात. 'सेशनऑप्शन्स'मधून (काय काय साठवायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमधून) 'टॅबपेजेस' काढलं असेल तर फक्त चालू टॅबच साठतो, हे तपासून घ्या. फाइलींची यादी दाखवणाऱ्या प्लगइनची विंडो मात्र सेशन साठवण्याआधी बंद करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी बऱ्याचदा रिकामी चौकट येते.