आरव्हीच्या दाराच्या पायऱ्या बदलायच्यात? आधी खाली वाकून बघा

आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी. तिच्या दाराच्या पायऱ्या लटपटायला लागल्या की बहुतेक लोक लगेच नवीन सेट शोधायला बसतात. पण त्याआधी दहा मिनिटं द्या, घरातल्या कुणालातरी सावकाश चढ-उतर करायला सांगा आणि आपण बाजूला जमिनीवर टेकून टॉर्च मारून बघा की नक्की हलतंय काय (गाडीच्या खाली घुसू नका हं, बाजूनेच दिसतं सगळं). कधी पायऱ्यांच्या सांध्यातले रिव्हेट आणि पिना झिजलेल्या असतात, कधी नुसते बोल्ट सैल झालेले असतात, आणि कधी ज्या लोखंडी अँगलला पायऱ्या लटकवल्यात तो अँगलच वाकतो. हे तिसरं सगळ्यात वाईट, आणि तेच लोक बघत नाहीत. अँगल वाकत असेल तर कितीही महागड्या पायऱ्या आणा, पहिल्या दिवसापासून तशाच हलणार.

यामागचं कारण सोपं आहे. घडीच्या पायऱ्यांना बहुतेक वेळा खाली पाय नसतात, त्या पूर्ण चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) लटकलेल्या असतात. सगळ्यात खालची पायरी चेसिसपासून सगळ्यात लांब, त्यामुळे तिच्यावर माणूस उभा राहिला की वरच्या बोल्टांवर खूप मोठा पिळ बसतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की पातळ अँगलला बोल्टच्या भोकापाशी तडा जातो. तडा दिसला तर आधी वेल्डरकडे, पायऱ्यांचं नंतर. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायला विसरू नका.

आता नवीन काय घ्यायचं. पहिला प्रकार म्हणजे जुना साधा, हाताने ओढून काढायच्या घडीच्या पायऱ्या. स्वस्त, हलक्या, जुन्या जागेवरच बसतात, पण थोडं हलणं हा त्यांचा स्वभावच आहे. दुसरा म्हणजे इलेक्ट्रिक, दार उघडलं की बाहेर आणि बंद केलं की आत, मोटरहोमवर, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीवर, हाच जास्त दिसतो (लिपर्ट कंपनीच्या क्विकी पायऱ्या यातल्याच). तिसरा म्हणजे दाराच्या चौकटीत बसणाऱ्या, ज्या प्रवासात उभ्या घडी होऊन दाराच्या आत राहतात आणि मुक्कामाला बाहेर उलगडून त्यांचे पाय थेट जमिनीवर टेकतात. लिपर्टचं सॉलिडस्टेप, मोराईड कंपनीचं स्टेपअबव्ह वगैरे. वजन बरंचसं जमिनीवर जातं म्हणून चढताना घरच्या जिन्यासारखं वाटतं, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी माझं मत सरळ याच बाजूने आहे. पण यात एक त्रास आहे जो आधी कोणी सांगत नाही: रस्त्यात दोन मिनिटं थांबून फ्रिजमधून काहीतरी काढायचं म्हटलं तरी आधी पायऱ्या पूर्ण बाहेर काढाव्या लागतात. शिवाय चिखलाने भरलेल्या पायऱ्या आत घडी केल्या की चिखलही आत येतो. आणि दाराच्या आत लगेच खाली उतरणारी खोलगट पायरी असेल, जी बऱ्याच मोटरहोममध्ये असते, तर हा प्रकार बहुधा बसणारच नाही.

मापं नीट घ्या, निम्मं काम तिथेच होतं. गाडी आधी लेव्हल करा, मग उंबरठ्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. एका पायरीचा चढ ७ ते ८ इंच असेल तर आरामात चढता येतं. समजा उंची ३० इंच आली, तर ७.५ इंचाचे चार चढ होतात, पण शेवटचा चढ म्हणजे उंबरठाच, म्हणून पायऱ्या लागतात तीन. ३८ इंच असेल तर पाच चढ आणि चार पायऱ्या. इथे लोक हमखास एक पायरी जास्त मोजतात. घडीच्या पायऱ्यांसाठी जुन्या ब्रॅकेटची बाहेरून बाहेरची रुंदी, बोल्टच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि घडी केल्यावर आत किती खोल जागा आहे ते मोजा, कारण पुढे टाकी किंवा पाइप असला तर पायऱ्या पूर्ण आत जाणारच नाहीत. चौकटीतल्या पायऱ्यांसाठी दाराची आतून आतली रुंदी अगदी तळाशी मोजा, आणि घडी उभी राहिल्यावर जाळीच्या दाराची कडी, आतलं कपाट किंवा स्लाइडआउट (आत-बाहेर सरकणारा खोलीचा भाग) तिला आडवं येतंय का तेही बघा. जुन्या सेटवर स्टिकर असेल तर फोटो काढून ठेवा, मॉडेल नंबर मिळाला तर अर्धी डोकेदुखी गेली.

वजनाची मर्यादा पण वाचा. बऱ्याच साध्या सेटवर ३०० पाउंड म्हणजे साधारण १३६ किलो लिहिलेलं असतं, ऐकायला भरपूर वाटतं, पण अंगाचं वजन, हातातला पाण्याचा कॅन आणि वरून धप्पकन पाय टाकायची सवय हे सगळं एकत्र धरा.

काढायच्या आदल्या दिवशीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून ठोकळे. पायऱ्यांचा सेट दिसतो त्यापेक्षा जड असतो, त्यामुळे शेवटचे बोल्ट काढायच्या आधी खाली जॅकवर फळी ठेवून आधार द्या, नाहीतर तो थेट तुमच्या छातीवर येईल. जुन्या पायऱ्या वेल्ड केलेल्या असतील तर ग्राइंडर लागणार, आणि तिथे खरंच सावध राहा, वरून गॅसची लाइन, इंधनाचा पाइप, वायरिंग, प्लास्टिकचं अंडरबेली (गाडीच्या तळाचं आवरण) काहीही जात असू शकतं आणि ठिणग्या कुठेही उडतात. गॅस बंद करून, शेजारी आग विझवायचं नळकांडं ठेवूनच सुरू करा. हात बसलेला नसेल तर हे एवढं काम दुसऱ्याकडून करून घ्या. कापलेल्या जागी प्रायमर मारा, उघडं लोखंड ठेवलं की गंज आलाच.

नवीन सेटला नवीन बोल्ट, जुने परत नाही. ग्रेड ५ च्या बोल्टच्या डोक्यावर तीन रेषा असतात, मेट्रिकमध्ये ८.८ असं लिहिलेलं असतं, त्याहून खालचे घेऊ नका. नायलॉनवाले लॉक नट एकदा काढले की पकड कमी होते, म्हणून तेही नवेच. भोकं जुळत नसतील तर नवीन पाडताना चेसिसच्या मुख्य रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीत पाडू नका, त्याने रेल कमजोर होतो, त्यापेक्षा मध्ये जाड ॲडॉप्टर प्लेट टाका. सगळे बोल्ट आधी फक्त हाताने लावा, पायऱ्या दोनचार वेळा बाहेर-आत करून बघा की कुठे घासत नाहीत, पाणसळ लावून आडवी पातळी तपासा, आणि मग तिरकस जोडीने आवळत जा. एकाच बाजूचे आधी घट्ट केले की फ्रेम वाकडी बसते आणि मग पायऱ्या एका बाजूने अडकतात. किती आवळायचं तो आकडा कंपनीच्या कागदात असतो, तोच धरा.

चौकटीतल्या सेटमध्ये चेसिसऐवजी दारातल्या लाकडात स्क्रू जातात, तेव्हा आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उंबरठ्याजवळची जमीन टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर पाणी मुरून प्लायवूड कुजलंय, ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. स्क्रूच्या भोकांत सीलंट भरा. पूर्ण आवळायच्या आधी घडी घालून दार खरंच बंद होतंय ना ते एकदा बघाच. जुन्या पायऱ्या निघाल्यावर खाली जो खोका रिकामा राहतो तो पत्र्याने झाकून टाका, उंदरांना आयती जागा नको.

इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा. १२ व्होल्टची मोटर आहे म्हणून शॉक लागणार नाही, पण शॉर्ट झालं तर वायर तापून जळते, आणि मेकॅनिझममध्ये बोट असताना मोटर फिरली तर बोटाचं काय होईल ते सांगायला नको. फ्यूज कंपनीने सांगितलेल्याच ॲम्पिअरचा घाला. अर्थिंग रंग खरवडून उघड्या लोखंडावर द्या, कारण 'मोटर मेली' म्हणून जे बोंबलतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम फक्त गंजलेल्या अर्थिंगचा असतो. दाराचा मॅग्नेटिक स्विच आणि समोरचं चुंबक यांच्यात अंतर जास्त झालं तरी पायऱ्या ऐकत नाहीत.

टेस्ट करताना आधी रिकाम्या चालवा, मग एक पाय टाका, मग पूर्ण वजन, आणि हात धरायला काहीतरी असू द्या. पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट परत एकदा तपासा, थोडे बसतातच.

वापरताना एक क्रम पक्का ठेवा. आधी गाडी लेव्हल करायची, मगच पायऱ्यांचे पाय जमिनीला टेकवायचे, आणि निघताना बरोबर उलट. पाय टेकलेले असताना जॅक सोडून गाडी खाली घेतली तर गाडीचं वजन पायऱ्यांवर येतं आणि त्या वाकतात. बाकी सांध्यांमध्ये घट्ट ग्रीस भरू नका, धूळ चिकटून त्याचा पॉलिश पेपरच होतो, पाण्याने धुवून वाळल्यावर ड्राय सिलिकॉन स्प्रे मारला की पुरे.