क्लस्टरचं केंद्र काढताय? आधी यंत्राचे तास मोजा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधले छोटे वर्कशॉपवाले सामाईक सुविधा केंद्र, म्हणजे महागडी यंत्रं सगळ्यांनी मिळून वापरायची जागा, काढायला बसले की पहिल्याच बैठकीत 70 टक्के अनुदानाचा आकडा फिरू लागतो. आकडा खरा आहे. केंद्र सरकारच्या क्लस्टर (एका भागातल्या उद्योगांचा समूह) योजनेत 5 ते 10 कोटींच्या प्रकल्पाला 70 टक्के आणि 10 ते 30 कोटींच्या प्रकल्पाला 60 टक्के मिळतात. जिल्हा उद्योग केंद्र, निदान अहवाल (क्लस्टरच्या गरजांची पाहणी), एसपीव्ही (केंद्र चालवायला सभासदांनी काढलेली कंपनी), डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) हा क्रम तुम्हाला ठाऊक असेलच.

एसपीव्हीत किमान 20 उद्योग लागतात आणि कुणा एकाकडे 10 टक्क्यांहून जास्त भाग चालत नाहीत. इथे कुणीतरी हमखास पळवाट सुचवतो: मेव्हण्याची, पुतण्याची फर्म घालून वीसचा आकडा भरा. अजिबात करू नका. कागदावर वीस दिसतात, यंत्रावर काम आणणारे सहाच निघतात, आणि भांडवलाचा पुढचा हप्ता मागितला की फोन उचलणारे तीन उरतात.

खरा खड्डा मात्र केंद्राचं उद्घाटन झाल्यावर लागतो. अनुदान इमारतीला आणि यंत्रांना असतं. दरमहाचं लाइट बिल, ऑपरेटरचे पगार, कॅलिब्रेशन, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), विमा हे सगळं एसपीव्हीच्या डोक्यावर. प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलाच्या मार्जिनची एक ओळ असते, ती बघून लोक निर्धास्त होतात. ती रक्कम किती महिने पुरेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

सीएमएमचंच घ्या, म्हणजे जॉबची मापं मायक्रॉनपर्यंत तपासणारं यंत्र. मोजणी 20 अंश सेल्सिअसवर धरलेली असते. पोलादाचा 100 मिलिमीटरचा तुकडा 10 अंशांनी तापला तर साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियमचा जवळपास दुप्पट. म्हणजे नाशिकच्या मे महिन्यात जॉब आला काय न आला काय, खोलीचा एसी बंद करता येत नाही. टेम्पोतून उतरवलेला तापलेला जॉबही आधी खोलीत टेकवून ठेवावा लागतो. त्या वेळेचं बिल कुणी देत नाही.

आता हिशेब. रोज 8 तास, 25 दिवस, म्हणजे महिन्याला 200 तास. डीपीआरवाला 60 टक्के वापर धरतो: 120 तास. समजा महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे काम असो-नसो होणारा, 1,80,000 रुपये आणि दर तासाला 1,500. बरोबर जमलं. प्रत्यक्षात 50 तासच काम आलं, तर 75,000 जमा आणि 1,05,000 ची तूट. वर्षाला 12,60,000. हे पैसे सभासदांच्या खिशातून जातात, आणि तिथूनच भांडणं सुरू होतात.

काम का येत नाही? सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'वापरणार' अशी खूण करायला पैसे पडत नाहीत, म्हणून. शिवाय ग्राहकाचं ड्रॉइंग शेजारच्या स्पर्धकाच्या नजरेला पडेल ही धास्ती. आणि सर्वांत मोठं कारण एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. मोठे ग्राहक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच रिपोर्ट मागतात. मान्यतेचा अर्ज करण्याआधी मात्र प्रयोगशाळा चालू असावी लागते, अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा झालेला असावा लागतो. म्हणजे सुरुवातीचे कित्येक महिने खर्च पूर्ण आणि रिपोर्टला किंमत कमी. हा काळ डीपीआरमध्ये सापडत नाही. माझं मत कडक आहे: अहवालावर दुसऱ्या शहराचं नाव खोडून नाशिक टाकणारा सल्लागार फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यापेक्षा अशा केंद्राचा हिशेबनीस गाठा. अध्यक्षांपेक्षा तो जास्त सांगेल.

सर्वेक्षणाऐवजी प्रत्येक सभासदाची मागच्या सहा महिन्यांची जॉबकार्डं आणि बाहेरच्या तपासणीची बिलं मागवा. त्यातून निघालेल्या तासांतले निम्मेच धरा. भांडवलासोबत तासांची आगाऊ रक्कम घ्या; पैसे भरलेला माणूस काम पाठवतोच. किमान वर्षभराचा ठरलेला खर्च वेगळ्या खात्यात ठेवा. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहेच. तिथल्या सेवांची यादी आणि दर आणा, आणि तिकडे मोकळं असलेलं यंत्र पुन्हा विकत घेऊ नका. या हिशेबाने 8 कोटींचा प्रकल्प 5 कोटींवर आला तर घाबरू नका. त्याखाली गेलात की योजनेचा हा 70 टक्क्यांचा टप्पा सुटतो, एवढं ध्यानात ठेवा. छोटी केंद्रं चालतात, आणि सिन्नरहून माल घेऊन येणारेही सापडतात, रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला तर.

दरपत्रक पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा: सभासद, बाहेरचे, आणि तातडीचा जॉब, तिन्ही दर वेगळे. तातडीचा दर लिहिलेला नसेल, तर ज्याचा संचालकांशी घरोबा त्याचाच जॉब आधी टेबलावर चढतो, आणि रांगेतला माणूस पुढच्या महिन्यापासून पुण्याला कुरिअर करायला लागतो.