जुनं देऊळ बघताना आणि जपताना या चुका टाळा

काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री पंडित हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल आहे. कोकणच्या शिलाहार राजांनी बांधलेलं हे देऊळ हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं! हेमाडपंतीची खूण मानली जाणारी, चुन्याशिवाय दगडात दगड बसवायची रीतही त्याच्या आधीपासूनची. म्हणून शैली ठरवताना शिखर बघा. अंबरनाथचं बरंच ढासळलंय, पण सिन्नरच्या गोंदेश्वरावर भूमिज शिखर नीट दिसतं: चार दिशांना वर चढत गेलेल्या नक्षीदार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या रांगा.

मूर्ती ओळखताना सगळ्यात जास्त घोळ विष्णूच्या बाबतीत होतो. त्याच्या चोवीस रूपांतला फरक चार आयुधांच्या क्रमात असतो. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, शेवटी खालचा डावा. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. तीच मूर्ती आपल्या उजवीकडून वाचली तर गदा, चक्र, शंख, पद्म होतं आणि केशवाचा माधव होऊन बसतो. हात तुटलेले असतील तर नुसतं 'विष्णू' म्हणा, तेवढं पुरे.

दारावरच्या ललाटबिंबात, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेल्या जागी, गणपती आहे म्हणून देऊळ गणपतीचं ठरत नाही.

आवारातल्या सुट्या दगडांना शेंदूर फासू नका, ही कळकळीची विनंती. त्यात एखादा गधेगळ, म्हणजे दानाची नोंद कोरलेला जुना दगड, असू शकतो: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी. शेंदराचे थर चढले की अक्षरं बुजतात. आधीच चढलेला शेंदूर तारेच्या ब्रशने खरवडायलाही जाऊ नका, त्यात लेखच झिजतो.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात तर भरून न येणारं नुकसान होतं. ऑइलपेंटखाली कोरीवकामाच्या बारीक रेषा गडप होतात, वाळूच्या फवाऱ्याने दगडाचा पृष्ठभागच उडतो, सांध्यात सिमेंट भरलं की आत मुरलेलं पाणी अडकून दगड फुटायला लागतो. वर्गणी गोळा करण्याआधी पुरातत्त्व विभागाशी बोला आणि देवळाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.