केपटाउनच्या पेंग्विनांसाठी स्वयंसेवक म्हणून जायचे असल्यास

आफ्रिकेतील वन्यजीव संवर्धन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिंह आणि हत्तीच उभे राहतात. मात्र ज्यांना चार-सहा आठवडे खरोखर उपयोगी पडायचे आहे, त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पेंग्विनांचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आफ्रिकन पेंग्विन केवळ दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोन देशांतच वीण करतो. त्याच्या विणीच्या जोड्या आता दहा हजारांहूनही कमी उरल्या असून ऑक्टोबर 2024 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. पूर्वी माणसांनी त्याची अंडी बेसुमार गोळा केली आणि विष्ठेच्या ज्या जाड थरांत तो बिळे करून राहत असे, ते थरही खतासाठी खरवडून नेले. आज त्याची उपासमार होत आहे, कारण आपल्या तारली-मांदेलीच्या जातकुळीतले जे मासे तो खातो, त्यांचे थवे पूर्वेकडे सरकले आहेत आणि उरलेल्यांसाठी त्याला मोठ्या मासेमारी नौकांशी स्पर्धा करावी लागते. मार्च 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा प्रमुख वसाहतींभोवती अशा मासेमारीला मनाई झाली, हे त्यातल्या त्यात आशादायक आहे.

केपटाउनच्या टेबल व्ह्यू भागात ‘सॅनकॉब’ ही संस्था आजारी, जखमी आणि तेलाने माखलेल्या समुद्रपक्ष्यांवर उपचार करते. तिची स्थापना 1968 मधली. जून 2000 मध्ये ‘ट्रेझर’ नावाचे मालवाहू जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांच्या दरम्यान बुडाले, तेव्हा सुमारे 19,000 पेंग्विन तेलाने माखले. ते धुऊन, खाऊ घालून पुन्हा समुद्रात सोडण्याचे काम हजारो स्वयंसेवकांनी केले. त्यामुळे येथे स्वयंसेवकाकडे पाहुणा म्हणून नव्हे, तर कामाचे दोन हात म्हणून पाहिले जाते. परदेशी स्वयंसेवकाचे वय किमान 18 असावे लागते आणि साधारण सहा आठवडे राहण्याची तयारी अपेक्षित असते. शुल्क आणि मुदत यांच्या अटी बदलत असल्याने अर्ज करताना त्या नव्याने वाचाव्यात.

कामाचे स्वरूप आधीच नीट समजून घ्यावे. सुरुवातीचे बरेच दिवस चटया घासणे, टॉवेल धुणे, तलावाच्या कडा पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ करणे, मासे निवडणे आणि भांडी विसळणे यांतच जातात. हे काम दुय्यम नाही. अस्वच्छ जागेत आजारी पक्ष्याच्या फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग सहज होतो. पुढे भरवण्याचे काम शिकवले जाते. जलरोधक कपडे, हातमोजे आणि दंडावर संरक्षक पट्टा बांधून बसायचे, पेंग्विनाला दोन्ही गुडघ्यांमध्ये हळुवार पण पक्के धरायचे, एका हाताने डोके मागून सावरायचे आणि दुसऱ्या हाताने मासा डोक्याच्या बाजूने चोचीत सरकवायचा, म्हणजे माशाचे पर घशात अडकत नाहीत. चोच धारदार असते आणि पंखाचा फटकाही चांगलाच लागतो. पक्ष्याला गोंजारायचे नाही, त्याच्याशी विनाकारण बोलायचे नाही; त्याला माणसाची सवय लागली तर समुद्रात परतल्यावर ती त्याला महागात पडेल. जे शाकाहारी आहेत, त्यांनी दिवसभर माशांत हात घालणे आपल्याला जमेल का, याचा प्रामाणिकपणे विचार करूनच अर्ज करावा.

केव्हा जावे, हे पक्ष्यांच्या जीवनक्रमावरून ठरवावे. पेंग्विन वर्षातून एकदा आपली सगळी पिसे एकदमच टाकतो आणि नवी येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, त्याला पाण्यात उतरता येत नाही. आईबापांची पिसे झडायला लागली आणि पिल्ले अजून लहान असली, तर ती उपाशी मागे राहतात. अशी पिल्ले केंद्रात आणून वाढवली जातात. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात त्यांची गर्दी होते आणि मनुष्यबळाची निकड सर्वाधिक असते. तेव्हा तिथे उन्हाळा असतो, मात्र आग्नेयेचा वारा जोराचा असतो. जून ते ऑगस्टमध्ये पाऊस आणि थंडी एकत्र येतात. आपल्या पावसाळ्याच्या अंदाजाने कपडे नेल्यास ते अपुरे पडतील.

दुसऱ्या एखाद्या प्रकल्पाचा विचार करत असाल, तर एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे वाढवलेला प्राणी पुढे कुठे जातो? दक्षिण आफ्रिकेत अनेक ठिकाणी सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी स्वयंसेवकांकडून पैसे घेतले जातात. त्यासाठी ते छावे जन्मानंतर लवकरच आईपासून तोडलेले असतात. माणसाळलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, आणि असे कितीतरी सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी विकले गेले आहेत. 2021 मध्ये तिथल्या सरकारने हा व्यवसाय बंद करण्याचे धोरण जाहीर केले. ज्या जाहिरातीत छाव्याला कुशीत घेतलेले छायाचित्र दिसते, तिथे एक रुपयाही देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

घरच्या घरी थोडी तयारी करता येते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन हे आफ्रिकन पेंग्विनाचे जवळचे नातेवाईक आहेत. त्यांची चाल आणि पोहणे निवांतपणे पाहून यावे. जवळच्या पक्षी-उपचार केंद्रात काही महिने काम केले असेल, तर त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा व्हिसा. मोबदला मिळत नसला तरी स्वयंसेवा हे कामच आहे. म्हणून संस्थेकडून कामाचे स्वरूप आणि कालावधी सांगणारे पत्र घ्यावे आणि कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करायचा, हे वकिलातीकडून किंवा व्हिसा केंद्राकडून तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. धनुर्वाताची लस आणि प्रवास विमा आवश्यक समजावा. केपटाउनमध्ये हिवताप नाही. मात्र अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल आणि तिथे मुक्काम लांबणार असेल, तर पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र जाताना दक्षिण आफ्रिकेत आणि येताना भारतातही मागितले जाऊ शकते. ही लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, तिथल्या वेळा लवकर भरतात आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य धरले जाते. त्यामुळे तिची वेळ व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेऊन ठेवावी.